पानं भिजवायच्या आधी

मामा, तुझ्यावर मी भयंकर चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मधेमधे माझा सूर चढला तर तुला नवल वाटायला नको. परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. तिरोड्याच्या आपल्या विहारात बसायला जागा नव्हती. एकेक जण उठून बोलत होता. बिडी कामगारांचा आधार गेला, कोणापुढे न वाकलेला माणूस गेला, असं बरंच काही. मग माईक माझ्या हातात आला. "आता त्यांची डॉक्टर भाची दोन शब्द बोलतील." मी उभी राहिले, हार घातलेल्या तुझ्या फोटोकडे पाहिलं आणि तोंडून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, पोरीला रडू आलं. मला भांडण आलं होतं. एकदा तोंड उघडलं असतं तर सगळ्यांसमोर तुला फाडफाड बोलले असते, म्हणून गपचूप खाली बसले. ते राहिलेलं आज इथे लिहिते आहे.

आपलं भांडण तसं जुनंच. तू जन्मभर संप करत आलास आणि माझ्या शिक्षणाची अर्धी वर्षं दुसऱ्यांच्या संपांनी खाल्ली. या एका विषयावर आपलं कधी जमलं नाही. बाकी सगळ्यात जमायचं. बोंबलाच्या चटणीपासून बाबांच्या घोरण्यापर्यंत तुझं-माझं एकमत होतं. संप म्हटलं की मात्र तू त्या बाजूला आणि मी या बाजूला.

लहानपणी असं नव्हतं, हेही खरं. तेव्हा तुझा संप मला फार आवडायचा. मी अकरावीत होते, नव्व्याण्णव साल. बाबा रेल्वेत, सकाळीच गोंदियाला जायचे. आपल्या गल्लीत घरोघरी बायका बिड्या वळायच्या. आई वळायची, दोन घरं सोडून मामी वळायची. संध्याकाळी तेंदूची वाळकी पानं पाण्यात भिजवायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, म्हणजे सकाळपर्यंत ती मऊ होतात, कात्रीने कापता येतात. एकदा भिजवली की दुसऱ्या दिवशी वापरावीच लागतात. राहिली तर काळी पडतात, बुरशी धरतात, आणि पानं-तंबाखू देऊन बिड्या घेणारा सट्टेदार ते नुकसान बाईच्याच माथी मारतो. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

त्यामुळे तुझ्या संपाची दवंडी सगळ्यांपेक्षा निराळी. घोषणा नाही, पत्रक नाही. दुपारी चारच्या सुमारास तुझी सायकल गल्लीत शिरायची. घंटी सारखी वाजत राहायची आणि तुझा तो फाटका आवाज यायचा, "आज पानं भिजवू नोका वो बायाहो! आज पानं भिजवू नोका!" एवढंच. उद्या संप, हे वेगळं सांगावं लागायचं नाही. आई हातातलं घमेलं खाली ठेवायची आणि म्हणायची, "चला, तुझ्या मामाचं सुरू झालं." तिच्या बोलण्यात वैताग असायचा, पण दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत आडवं व्हायला मिळणार याचा आनंदही असायचा.

त्या वर्षी सट्टेदार चांगल्या वळलेल्या बिड्याही छाट म्हणून बाजूला फेकत होता, त्यावरून गोंदियापर्यंत वातावरण तापलं होतं. शहरातले तुझ्या युनियनचे पुढारी आपल्या घरी बैठकीला आले. मी चहा दिला, म्हणून मला सगळं आठवतं. त्यांना उद्याच संप हवा होता. बाहेर दिवेलागण झालेली. तू म्हणालास, "उद्या नाई. परवा." ते म्हणाले, "क्यों भाई? सट्टेदार को संभलने का मौका देना है क्या?" तू तुझ्या त्या शांत आवाजात म्हणालास, "सट्टेदार सावध झाला तं होऊ द्या. माझ्या बायायनं पानं भिजवली. ते सडले तं कोनाच्या बापाचे?" त्यातला एक जण तुला मालकाचा माणूस म्हणाला. तू त्याच्यासमोरची चहाची कपबशी उचलून आत आणून ठेवलीस. त्याचा चहा अर्धा राहिला होता. संप परवाच झाला. मला तेव्हा वाटलं होतं, माझ्या मामासारखा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही.

मग दोन हजार एक साली मी नेपाळला गेले. इथल्या मेडिकलला दोनदा थोडक्यात हुकले होते आणि बाबांनी हट्टाने ते तिकडचं जमवलं. तराईतलं एक गाव, सीमेपासून काही तासांच्या अंतरावर. गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर सगळे काही ना काही देत होते. तू खिशातून आईची जुनी पानं कापायची कात्री काढलीस. "तिथं कात्र्या भेटते का नाई, कोनाले मालूम. डॉक्टरले कात्री लागते." सगळे हसले. मीही हसले आणि ती कात्री बॅगेच्या तळाशी टाकली. ती अजून माझ्याकडे आहे.

पहिलं वर्ष बरं गेलं. नंतर जे सुरू झालं त्याने मी मेटाकुटीला आले. आज या संघटनेचा बंद, उद्या त्या पक्षाचा चक्काजाम, परवा सरकारचा कर्फ्यू. सकाळी उठून मेसमध्ये जावं तर चूल थंड. दूध नाही, भाजी नाही, बस नाही. बंद आहे हे कळायचं ते असं. वॉर्डात पेशंट नसायचे, कारण गावाकडून येणार कशाने? शिकायचं कोणावर? सर म्हणायचे, पुस्तक वाचा. पुस्तकातल्या बाईला कळा येत नाहीत, मामा. माझ्या वर्गातली निम्मी मुलं पत्ते खेळायला शिकली आणि मी भिंतीकडे बघत बसायला.

तुला फोन करायचे ते शिव्या घालायलाच. तुझ्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता. दुकानदार हाक मारायचा आणि तू धापा टाकत यायचास.

"कशी हायेस वो माय?"

"कशी असणार? पुन्हा बंद. पेपर पुन्हा पुढे गेला."

"कायले बंद?"

"मला काय माहीत कायले!"

"मंग विचार ना. एवढी लोकं रस्त्यावर येऊन रायली तं कायच्या तरी पायीच येत असन."

मला तुझ्याकडून एवढंच ऐकायचं असायचं की, अरेरे, माझ्या भाचीचं किती नुकसान होतंय. आई ते म्हणायची. बाबा तर तिकडच्या राजापासून विरोधी पक्षापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचे. तू मात्र चौकशा करायचास. त्यांची मागणी काय, पोलीस मारतात का, बायका येतात का मोर्चाला. जसा काही तुझाच कोणी नातेवाईक तिथे बसलेला आहे आणि मी त्याची खुशाली कळवायला फोन केला आहे. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

एकदाच तू माझ्या बाजूने बोललास. मी सांगितलं की, हे लोक बंद सकाळीच जाहीर करतात, आदल्या दिवशी पत्ता लागू देत नाहीत. तू म्हणालास, "हे चुकलं त्यायचं. पानं भिजवायच्या आंदी सांगावं लागते. त्यायच्यात बिडी वळनारं कोनी नसन." मला हसू आलं होतं. त्या दिवशी फोन ठेवताना बरं वाटलं होतं.

अखेरच्या वर्षाची गोष्ट मात्र तुला पुन्हा सांगते, कारण त्यावरच आपलं फिसकटलं. प्रॅक्टिकलचे परीक्षक काठमांडूहून रस्त्याने यायचे. रस्ता बंद की परीक्षक नाहीत, परीक्षक नाहीत की परीक्षा नाही. एकदा पुढे गेली. दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा परीक्षक अर्ध्या वाटेवरून परत फिरले. प्रत्येक वेळी मी तेच पाठ करायचे आणि प्रत्येक वेळी ते डोक्यातून गळून जायचं. भारतात परत येऊन इथे डॉक्टरकी करायला आणखी एक परीक्षा द्यायची होती, तिची वेळही हुकत होती. दोन हजार सहाचा उन्हाळा. सगळे पक्ष राजाविरुद्ध एक झालेले, रोज मोर्चे, रोज कर्फ्यू, टेलिफोनचा भरवसा नाही. चौथी तारीख रद्द झाली त्या दिवशी दोन तासांसाठी कर्फ्यू उठला आणि मी धावत बूथवर गेले.

तू आलास. मी रडत होते. तुला ते ऐकू येत होतं. आणि तरी तू म्हणालास, "थांब थोडी, माय. त्या लोकायचं बी काईतरी अडलं असन. तुयी परीक्षा दोन मयन्यानं होईन, त्यायचं तं पिढ्यायचं थांबून हाये."

मी म्हणाले, "तुझं काय जातं बोलायला? तुझं सातवीतच सुटलं ना, म्हणून तुला वाटतं सगळ्यांचंच सुटावं."

हे वाक्य मी म्हणाले. बूथवाला माझ्याकडे बघत होता, त्याला मराठी कळत नव्हती, तरी त्याने मान वळवली. तुझं सातवीत का सुटलं हे मला चांगलं ठाऊक होतं. तुझे वडील आजारी पडले आणि घरात वळणारा हात कमी पडला. दोघांपैकी एकाला बसावं लागणार होतं. तू बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलास, म्हणून माझी आई दहावीपर्यंत शाळेत गेली. आई दहावी झाली म्हणून बाबांचं स्थळ आलं आणि पुढे माझ्या वहीत डोकं घालणारं घरात कोणी होतं. हे सगळं माहीत असून मी ते म्हणाले.

तू म्हणालास, "बिल वाढून रायलं, ठेव." आणि फोन ठेवलास.

त्यानंतर आपण हजार वेळा बोललो असू. ते वाक्य मात्र ना तू काढलंस ना मी. मी वाट बघत राहिले की तू कधीतरी टोमणा मारशील, मग मी म्हणेन, मामा, चुकलं माझं. तू टोमणाच मारला नाहीस. एरवी आईच्या भाताला नावं ठेवायची संधी न सोडणारा माणूस तू, नेमका इथे कसा गप्प बसलास? तुझा तो मोठेपणा मला फार महागात पडला.

आणि एक गोष्ट मी तुला मुद्दाम सांगितली नाही. ती आता ऐक. त्या फोननंतर चार-पाच दिवसांनी आमच्या मेसवाल्या दिदीच्या पायाला लाठी लागली. दिदी म्हणजे पंचेचाळिशीची, आमच्या सगळ्यांसाठी भात रांधणारी, कमी बोलणारी बाई. मोर्चाला गेली होती. मी तिचा पाय धुतला आणि तुझी ती कात्री काढून पट्टी कापली. कापता कापता मी तिला ओरडले, की तुम्हाला काय गरज होती, तुमच्यामुळे आमच्या परीक्षा राहिल्या. मग तिने विचारलं, "बहिनी, पाच वर्षं माझ्या हातचं जेवतेस. माझं गाव कोणतं, माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. गाव जाऊ दे, मला तिचं नावही माहीत नव्हतं. तुझा तो प्रश्न, कायले, तो मी पाच वर्षांत एकदाही कोणाला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत पुन्हा निघाली. मी अंगात एप्रन चढवला आणि तिच्याबरोबर गेले. पट्टी सुटली तर बांधायला, असं मनाशी म्हणत गेले. दोन तास चालले त्या मोर्चात. घोषणा दिल्या नाहीत, पण चालले. पाय भरून आले होते आणि मला सारखं वाटत होतं की बाजूच्या गल्लीतून तुझ्या सायकलची घंटी येईल.

हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू जिंकला असतास. तू ते गल्लीभर सांगत फिरला असतास, माझी भासी राजाविरुद्ध लढली म्हणून. दहा वर्षं मी ही एक गोष्ट तुझ्यापासून दाबून ठेवली, निव्वळ हट्टापायी. तुला किती आनंद झाला असता याची कल्पना होती, तरीही.

परीक्षा शेवटी झाली. मी पास झाले, परत आले, इथली परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली. चिचगडकडच्या जंगलपट्टीत एका सरकारी दवाखान्यात कंत्राटावर लागले. तू पहिल्यांदा तिथे आलास तेव्हा माझ्या खुर्चीत बसून पाहिलंस आणि बाहेर रांगेतल्या म्हाताऱ्यांना सांगितलंस, "चांगली डॉक्टर हाये, लाजू नोका, सगळं सांगा." सगळं सांगा! हे तू लोकांना सांगत होतास.

कंत्राट म्हणजे दर अकरा महिन्यांनी हातात नवा कागद. वर्षामागून वर्षं गेली, आमच्या जिल्ह्यातले सगळे कंत्राटी डॉक्टर पिकले त्या कागदांवर. अखेर यंदा आम्हीही संपावर बसायचं ठरवलं. ठरलं त्या दिवशी मला सगळ्यात आधी तू आठवलास. फोन करावा असं वाटलं. मग म्हटलं नको, पेपरात फोटो येईल तेव्हा त्याला आपोआप कळू दे, कशी उडी मारतो बघू. अशी माझी गंमत.

मंगळवारी सकाळी आम्ही दवाखान्याच्या आवारात मांडव घालून बसलो. ओपीडी बंद, तातडीचे पेशंट मात्र घ्यायचे, आमच्यातलाच एक जण आळीपाळीने आत बसलेला. दारावर पाटी लावली होती. ती मीच लिहिली होती, मोठ्या अक्षरांत. "संप सुरू आहे. अत्यावश्यक सेवा चालू." आणि साडेदहाच्या सुमारास तू फाटकातून आत आलास. पांढरा सदरा, खांद्याला ती कापडी पिशवी. तिरोड्याहून गोंदिया, गोंदियाहून देवरी, तिथून काळीपिवळी. पहाटे निघाला असशील.

मला वाटलं, याला कुठून तरी कळलं आणि हा पाठिंबा द्यायला आला! माझा ऊर भरून आला होता, मामा. मी सगळ्यांशी तुझी ओळख करून दिली. आमची पोरं खूश झाली, तुला पुढे बसवलं, भाषण करा म्हणाली. तू पाटीकडे पाहिलंस, ती मोठ्याने वाचलीस आणि मला म्हणालास, "अक्षर चांगलं हाये तुयं." मग उभा राहिलास आणि एकच प्रश्न विचारलास. "पेशंटले आंदी सांगतलं होतं का?"

आमच्या अध्यक्षाने सांगितलं, "कलेक्टर साहेबांना पंधरा दिवस आधी निवेदन दिलं होतं, मामाजी."

"कलेक्टर कोठी पानं भिजवते?" तू म्हणालास.

कोणाला काही कळलं नाही. मला कळलं आणि माझा चेहरा उतरला. फाटकाबाहेर सात-आठ बाया बसल्या होत्या, जंगलातल्या गावांवरून चालत आलेल्या, पोरं काखेला. त्यांना आम्ही कोणीच काही सांगितलं नव्हतं. सगळ्या सहकाऱ्यांसमोर तू माझी शोभा केलीस असं वाटलं मला. मी तुझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "मामा, आता इथे तुझं सुरू करू नको." तू हसलास. काळा चहा घेतलास. कपाळावरचा घाम दोनदा पुसलास. डावा खांदा चोळत होतास. हे सगळं मी पाहिलं. डॉक्टर असून पाहिलं. मला वाटलं, ऊन आहे, पिशवीचा पट्टा रुतला असेल.

मी विचारलं, "कसा काय आलास?" तू म्हणालास, "असाच. देवरीले काम होतं." आणि साडेबाराच्या गाडीने गेलास. जाताना त्या बायांपाशी थांबलास, वाकून काहीतरी बोललास, त्यातल्या एका पोराला तापाचं म्हणून आत पाठवलंस. त्या पोराला आम्ही लगेच तपासलं, औषध दिलं.

रविवारी सकाळी अंगणात सायकलला हवा भरता भरता तू कोसळलास.

आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या बायांनी पानं भिजवून ठेवली होती. त्या दिवशी कोणीही कात्रीला हात लावला नाही. सोमवारी घराघरांतून ती काळी पडलेली पानं बाहेर आली, गल्लीच्या तोंडाशी त्यांचा ढीग झाला. एकही बाई त्याबद्दल बोलली नाही. मी तिथून जाताना पाहिलं आणि तुझा असा संताप आला! जन्मभर दुसऱ्यांना शिकवलंस आणि स्वतः मात्र न सांगता निघून गेलास.

बाकीचं मला मामीने सांगितलं, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भांडी घासता घासता. मी सहज म्हटलं की मंगळवारी तो मला भेटून गेला. तर ती म्हणाली, "भेटून? दाखवाले गेलता तो तुयाकडं. आठ दिवसापासून छातीत कळ येऊन रायली होती. मी मनलं, गोंदियात दाखव. तर मने, नाई, माझी डॉक्टर हाये, तिलेच दाखवतो." मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती पुढे म्हणाली, "वापस आला तं मी इचारलं, काऊन गा, दाखवलं नाई? तर मने, पोरगी पयल्यांदा संपावर बसली हाये. मीच कसा आत जाऊ? संप मिटला का जातो."

मामा, दार उघडं होतं. पाटी तू वाचलीस. सातवी शिकलेला माणूस तू, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी वाचलीस. अत्यावश्यक म्हणजे कोण, हे तुला कळत होतं, दुसऱ्याच्या पोराला तूच आत पाठवलंस. आत माझी ईसीजीची मशीन होती, गोळ्या होत्या, गोंदियाला न्यायला गाडी उभी होती. एक शब्द बोलायचा होतास. माझ्या हातचा चहा पिताना, माझ्यापासून दोन हातांवर बसून, नुसतं म्हणायचं होतंस, दुखते वो माय. आम्ही तो संप तिथल्या तिथे मोडला असता. बाकीच्यांनी मोडला नसता तर मी तो एकटीने मोडला असता. असला कसला रे तुझा नियम, आणि कोणाचं भलं झालं त्याने?

हे सगळं म्हणून झालं की मी पुन्हा संपाच्या आदल्या सोमवारपाशी येऊन थांबते. तू मंगळवारी पहाटे घर सोडलंस. म्हणजे सोमवारी संध्याकाळी तू निघायची तयारी केली असणार, पिशवी भरली असणार, मामीने भाकरी बांधून द्यायचं कबूल केलं असणार. सोमवारी संध्याकाळी मी खोलीत पाटी रंगवत बसले होते. फोन शेजारी पडला होता. तो उचलून तुला सांगायचं होतं, मामा, आज पानं भिजवू नको, उद्या आम्ही संपावर आहोत. तू आधी जोरात हसला असतास. मग विचारलं असतंस, कायले वो? मी सगळं सांगितलं असतं, नेपाळच्या दिदीपासून सातवीच्या त्या वाक्यापर्यंत. आणि मग मी विचारलं असतं, तू कसा आहेस? तेव्हा तू, फोनवर, मांडवातलं कोणी ऐकत नसताना, सांगितलं असतंस की, छातीत कळ येऊन रायली, उद्या तुयाकडंच येनार होतो.